रिकाम्या गाडीचं वजन

माझ्या बायकोला माझ्याबद्दल काय ठाऊक नाही? साखर वाढलेली असताना मी स्टँडवर उभा राहून चोरून खाजं खातो, ते तिला ठाऊक आहे. दुपारी गॅरेजचं शटर अर्धं ओढून झोपतो आणि फोन आला की ‘गाडीखाली होतो’ म्हणून सांगतो, तेही. एवढी एकच गोष्ट तिच्यापासूनसुद्धा राहिली. देवाला एकदा सांगितली होती — म्हणजे, त्याला सांगणं म्हणता येईल का, ते पुढे येईल तेव्हा तुम्हीच बघा. तुम्ही माझे कोणी लागत नाही. म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतं आहे. जमेल का? सुरुवात तर करतो.

स्प्रिंगपासून सुरू करतो, कारण तेवढंच मला नीट समजतं. तळेऱ्याला, हायवेवरून देवगडचा रस्ता फुटतो तिथं माझं गॅरेज आहे. गाडीच्या चारही चाकांवर स्प्रिंगा असतात. त्यांचा एकेक वेढा कापून टाकला की गाडी खाली बसते, जमिनीजवळ येते, आणि वीस-बावीस वर्षांच्या पोराला ती फार रुबाबदार दिसते. खरं म्हणजे ती बिघडलेली असते. कापलेली स्प्रिंग कडक होते, खड्ड्यात दणके देते, गाडीचं पोट रस्त्याला घासतं. आज कोणी पोरगा गॅरेजमध्ये येऊन असलं काम सांगू लागला तर मी त्याला चार शिव्या घालून हाकलतो. गिऱ्हाइकं म्हणतात, सुधाकर तत्त्वाचा माणूस. तत्त्वाचा!

ही कापाकापी मी एका गाडीला केली होती. दोनदा केली. पहिल्यांदा का केली ते सांगता येतं. दुसऱ्यांदा का केली ते अजून माझं मलाच नीट कळलेलं नाही.

गाडी माझ्या काकांची. भाऊकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, हायस्कुलात ड्रॉइंगचे मास्तर. आमची घरं एकाच वाडीत, मध्ये फक्त एक गडगा, कमरेएवढी दगडी भिंत. काका अंगानं अवाढव्य होते आणि गाडी घेतली ती नेमकी लहानशी, लाल, तीही जुनी. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले की गाडी चांगली खाली जायची. वाडीतले लोक म्हणायचे, मास्तर बसले की गाडी आधी नमस्कार करते. काकी तर पडवीतून नुसती गाडीकडे बघून सांगायची, बसले की अजून पायताण शोधताहेत. काचेतून आत कधी बघायचीच नाही. गाडी केवढी खाली गेली आहे, एवढंच बघायची.

त्यांना एकच मुलगी, मिनू. माझ्याहून थोडी लहान, मला दादा म्हणणारी. तिनं मडगावच्या आग्नेलशी लग्न केलं. आग्नेल साधा माणूस, शाळेत शिकवतो. पण काकांनी त्या दिवसापासून मिनूचं नाव टाकलं. भांडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत — तिची काढलेली चित्रं भिंतीवरून उतरवली आणि विषय संपवला. काकी चोरून फोन करायची, आमच्या घरी येऊन, आईच्या मोबाईलवरून. फोन संपला की डोळे पुसून, गडग्यावरून आणलेली कढीपत्त्याची डहाळी हातात धरून घरी जायची, म्हणजे ती त्यासाठीच आली होती असं दिसावं.

मग काका गेले. घरासमोरच्या खळ्यात खुर्चीवर बसल्या बसल्या, दुपारचा चहा यायच्या आत. सगळं उरकलं आणि हळूहळू काकीच्या तोंडावर एक गोष्ट दिसायला लागली. मी तिला सुटका म्हणणार नाही, तसं म्हणणं वाईट दिसतं, पण जवळपास तेच होतं. मिनूनं मडगावला तिच्यासाठी खालची खोली तयार केली. आग्नेलच्या आईनं त्या खोलीच्या दाराबाहेर आपल्या हातानं तुळस लावली आणि तिचा फोटो पाठवला. काकीनं तो फोटो आम्हा प्रत्येकाला दोनदोनदा दाखवला. वर्षश्राद्ध झालं की शिमग्याआधी जायचं, असं ठरलं. लोणच्याच्या बरण्या कुणाला द्यायच्या, गाय कुणाकडे बांधायची, सगळं ठरलं होतं.

हे एवढं लक्षात ठेवा. ती जायला निघाली होती. आनंदानं निघाली होती.

गाडी मांगरात उभी होती. मांगर म्हणजे घराबाहेरची कौलारू खोपी, गवत आणि अवजारं ठेवायची. काकी रोज सकाळी तिथं झाडू मारायची आणि गाडीची काच पुसायची. मी तेव्हा दुसऱ्याच्या गॅरेजात काम शिकत होतो, म्हणून किल्ली माझ्याकडे दिली होती. ‘चालू ठेव रे, नायतर गंजात ती,’ एवढंच तिचं म्हणणं. मी चालू ठेवली. आणि मोबाईलवर जमिनीला टेकलेल्या गाड्यांचे व्हिडिओ बघत राहिलो.

महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा. मला त्या जत्रेत लाल गाडीतून, जमिनीला टेकलेल्या, उतरायचं होतं. कोण बघणार होतं? कोणीतरी बघेल, असं वाटायचं त्या वयात. काकीला सांगितलं, ऑइल बदलायला नेतो. गॅरेज त्या दिवशी बंद होतं. एकट्यानं चारही स्प्रिंगा काढल्या, ग्राइंडर लावला, एकेक वेढा उडवला, परत बसवल्या. दोन मित्रांना घेऊन कुणकेश्वरला गेलो. पार्किंगच्या शेतात शिरताना गाडी बांधावर पोट टेकून अडकली, ती लोकांनी उचलून काढली. एका रिक्षावाल्यानं वाकून बघितलं आणि विचारलं, ‘पाटे तुटले काय रे?’ पाटे म्हणजे स्प्रिंगा. एवढं कौतुक झालं. संध्याकाळी मुकाट्यानं गाडी आणून मांगरात लावली. वाटलं, काकी तर मडगावला जाणारच आहे. कोण बघतं आहे खाली बसली की वर?

सकाळी तिनं मला हाक मारली. हाक नेहमीची नव्हती. मी गडगा ओलांडून गेलो तर ती मांगराच्या दारात उभी. हातात काच पुसायचं फडकं. गाडी तिच्यासमोर, रिकामी, आणि काका बसले की जायची नेमकी तेवढीच खाली बसलेली.

‘गाडयेत कोण बसलाहा रे?’ तिनं विचारलं.

‘कोण नाय गो, काकी.’

‘मगे खाली कशी गेली ती? काय केलंस?’

आता बघा. इथं एक वाक्य पुरलं असतं. स्प्रिंगा कापल्या, चुकलं, परत घालून देतो. ती चिडली असती, बाबांनी कानाखाली काढली असती, मिटलं असतं. मी म्हणालो, ‘ऑइल बदललंय नुसता. दुसऱ्या कशाक हात लावूक नाय.’ का म्हणालो? भीतीनं. बाकी काही नाही. बाबांच्या हाताची भीती, तेवढीच. इतक्या लहान भीतीनं माणूस इतकं मोठं खोटं बोलतो, हे मला आजही पटत नाही. पण झालं तसंच.

तिनं ओरडाआरडा केला नाही. काकीनं पदर डोक्यावर घेतला. काका घरात असताना घ्यायची तसा. मग गाडीकडे बघत अगदी हळू म्हणाली, ‘इले.’

मला तेव्हा काय म्हणतेय तेच समजलं नाही. काका आले, असं म्हणत होती ती. समजलं तेव्हा अंगावर काटा आला — आणि हेही सांगून टाकतो, थोडं बरंही वाटलं. आता मला कोणी विचारणार नव्हतं.

बाबांनी मात्र विचारलं. बाबा भुताखेतांतले नव्हते. त्यांनी आधी वाकून गाडीखाली बघितलं. कापलेली स्प्रिंग बाहेरून स्प्रिंगच दिसते, त्यांना काय कळणार? उठले, गुडघे झाडले आणि म्हणाले, ‘तू मेकॅनिक मां? तू सांग. बिघाड काय आसा?’ वाडीतले चारजण भोवती उभे होते. मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मेकॅनिक म्हटलं होतं. मी जॅक लावला, गाडीखाली सरपटलो, माझ्याच ग्राइंडरची चकचकीत धार दोन वितींवरून बघितली. बाहेर येऊन हात पुसले आणि सांगितलं, ‘गाडयेत काय बिघाड नाय.’

त्या वाक्यानं सगळं ठरलं. बिघाड नाही तर मग काय? काका का आले, हे कुणाला विचारायचीसुद्धा गरज पडली नाही. बायको मुलीकडे निघाली होती — त्या मुलीकडे, त्या घरात. ते आडवे येऊन बसले होते. आई म्हणाली, शेजारीण म्हणाली, आणि शेवटी काकीच म्हणाली. बाबांनी सांगितलं, आपल्या मनानं काय नको, देवाक विचारूया.

गावच्या देवळात कौल लावला. आमच्याकडे रीत अशी, की देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न घालतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवानं गाऱ्हाणं घातलं. ‘बा देवा म्हाराजा! आज ह्या तुज्या लेकरांच्या घरात जी काय अडचण इली हा, जाणत्या-अजाणत्या कोणाच्या हातसून जी काय चूक घडली असात, ती पदरात घे रे म्हाराजा!’ आणि सगळ्यांनी मिळून ‘व्हय म्हाराजा!’ म्हटलं. मीही म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. चूक घडली — व्हय म्हाराजा. मघाशी म्हणालो ना, देवाला एकदा सांगितली, ती अशी. गर्दीच्या आवाजात आवाज मिसळून. ही कबुली धरायची का? देवानं धरली का? मला माहीत नाही.

प्रश्न घातला, काकीनं लेकीकडे राहायला जावं का. डावी पाकळी पडली.

माझा गोंधळ इथून सुरू होतो आणि अजून संपलेला नाही. पाकळी मी पाडली नव्हती. स्प्रिंगा कापल्या नसत्या आणि असाच कौल लावला असता, तरी डावीच पडली असती का? पण मग कौल लावलाच कशाला असता? तिची बॅग भरलेली होती. मनात असं उलटसुलट करत मी कितीतरी वेळा स्वतःला सोडवून घेतलं आहे, आणि दर वेळी परत तिथंच, गाडीखाली, त्या चकचकीत धारेपाशी येऊन पडलो आहे.

मिनूला फोन बाबांनी केला. ‘आवशीचा मन होणा नाय,’ आईचं मन होत नाही, एवढंच सांगितलं. गाडीचं, कौलाचं काही नाही. शिकलेल्या पोरीला असलं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असेल. म्हणजे मिनूला कारण कळलंच नाही. तिनं आपलं कारण आपणच शोधलं, आणि तिला एकच सापडण्यासारखं होतं.

काकी राहिली. आणि खरं सांगू? ती दुःखी दिसत नव्हती. हेच तर मला छळतं. कामं आटपली की संध्याकाळी पदर सारखा करून मांगरात जायची आणि गाडीत डाव्या बाजूच्या सीटवर बसायची. दार उघडं, पाय बाहेर, मांडीवर सुपात आमसुलं नाहीतर कुळीथ निवडायला. बोलायची. काय बोलायची ते मी कान देऊन ऐकलं नाही, पण गडग्यापलीकडे आवाज यायचा. अधूनमधून हसायची. ती बसली तरी गाडी जराही हलायची नाही, कारण कापलेली स्प्रिंग दाबली जात नाही. तिला त्याचाही अर्थ लागला होता. ‘ते आसत म्हणान माजा वजन कळणा नाय,’ असं ती आईला सांगायची. एकदा मी तिला त्या गाडीतून कुणकेश्वराला नेलं. वाटभर गाडीनं दणके दिले. मी चोरासारखा तिच्याकडे बघत होतो, तर ती हसत होती. ‘ह्येंचा ड्रायव्हिंग अशाच होता,’ म्हणाली.

काकांशी ती ते होते तेव्हा इतकं कधी बोलली नव्हती. मी लहानपणापासून बघत होतो. जिवंतपणी ते बोलायचे आणि ती ऐकायची. मग हे मी तिला दिलं की तिच्याकडून काही काढून घेतलं?

काढून घेतलं. उत्तर मला येतं. मी नुसता घोळ घालतो आहे.

दोनेक वर्षांनी मिनू आली. आग्नेल रस्त्यावर गाडीपाशीच थांबला. काकांनी त्याला त्या घरात कधी पाऊल टाकू दिलं नव्हतं आणि त्यांच्या माघारी ते टाकणं त्यालाच बरं वाटलं नसावं. त्याच्या हातात घावणं करायचा एक नवा तवा होता, सासूसाठी आणलेला. तो तेवढा वेळ तवा हातात धरून उभा होता. आत मिनूचं हातापाया पडून झालं. मी पडवीत होतो. काकी एकच म्हणत राहिली, ‘ह्येंका एकट्यांका टाकून कशी येव गो मी?’ मिनूनं ते कसं ऐकलं असेल? काका जाऊन इतके दिवस झाले होते. ती एवढंच समजली, की बाप मेला तरी त्याचा शब्द आईला लेकीपेक्षा जवळचा आहे. ती उठली, चहा तसाच राहिला. जाताना माझ्याकडे बघितलं. मी तिच्या चपलांकडे बघत होतो. तवा शेवटी माझ्या हातात देऊन दोघं निघून गेली.

त्यानंतर मला राहवेना. आता सांगतो ते मी शहाणपण समजून केलं. जुन्या गाड्यांचा माल मिळतो तिथून त्याच गाडीच्या धड स्प्रिंगा शोधून आणल्या. विचार केला, गाडी वर उचलली की काकीला वाटेल, काका गेले. मार्गस्थ झाले. मग ती मोकळी. खरं सांगायला नको, शरम नको, आणि मिनूला आई मिळेल. केवढा हुशार मी! ब्रेक बघायचे आहेत म्हणून गाडी नेली, स्प्रिंगा बदलल्या, जुन्या कापलेल्या त्याच दिवशी भंगारात टाकल्या — पुरावा नको. आणि गाडी आणून लावली. उंच, हलकी, जशी कंपनीतून निघते तशी.

सकाळी हाक आली नाही. बराच वेळ आली नाही, म्हणून मीच गेलो. काकी मांगराच्या पायरीवर बसली होती. पदर खांद्यावर पडलेला, डोकं उघडं. फडकं बाजूला.

‘गेले रे ते,’ म्हणाली. ‘माका न सांगता गेले.’

मी म्हटलं, ‘बराच झाला गो, काकी. आता मिनूकडे जावक मोकळी तू.’ पाठ करून ठेवलेलं वाक्य होतं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी काय बोलतोय ते तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. काका पहिल्यांदा गेले तेव्हा ती चार बायकांत बसून रडली होती. या वेळी रडायला तिच्याजवळ कोणी नव्हतं, कारण या वेळचं मरण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. ती अंथरुणाला लागली. पेजेला तोंड लावेना. आई रोज जायची, भरवायचा प्रयत्न करायची. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, देवगडला नेऊन सलाईन लावा.

मिनूला बोलावता आलं असतं. कोणालाही सुचावं असं होतं ते, आणि मलाही सुचलं होतं. पण मिनू आली असती तर काकी बोलली असती — गाडी, बसणं, उठणं, सगळं. आणि मिनू ऐकून घेणाऱ्यातली नाही. तिनं सरळ गाडी उचलून बघितली असती, मेकॅनिक आणला असता, विचारलं असतं. म्हणून मी आईला म्हटलं, तिला कशाला त्रास, बरी होईल काकी. हे मी केलं. हे पहिल्या कापण्यापेक्षा, त्या खोट्यापेक्षा वाईट आहे, असं लिहिताना वाटतं आहे. मगाशी वाटत नव्हतं.

आई आणि बाबा काकीला घेऊन देवगडला गेले. मी गॅरेजातून ग्राइंडर आणला, मांगरातच जॅक लावला आणि त्या धड स्प्रिंगा काढून परत कापल्या. या वेळी जत्रा नव्हती. जाणून बुजून कापल्या. ठिणग्या उडून गवत पेटेल म्हणून मी बादली भरून जवळ ठेवली होती. एवढी काळजी घेतली.

ती परत आली तेव्हा दारातच थबकली. मांगराकडे बघितलं. पदर डोक्यावर घेतला आणि आईला म्हणाली, माका भूक लागलीहा.

मला रडू आलं. आनंदाचं की कशाचं, विचारू नका. ती जगली, हे खरं. मी तिला परत तिथंच बांधून ठेवलं, हेही खरं. दोन्ही खरं असताना माणसानं काय म्हणायचं असतं?

पुढच्या आठवड्यात मांगर झाडताना तिला गवतात एक कापलेला वेढा सापडला. मी गडबडीत तीनच उचलले होते. ती तो हातात धरून गडग्याशी आली. ‘ह्यां काय रे? ह्येची अडणी बरी होयत,’ म्हणाली. गरम भांडं टेकवायची अडणी! ‘जरा सपाट करून दी.’ मी तो वेढा गॅरेजात नेला, लाल केला, ठोकून ठोकून गोल सपाट केला, धारा घासल्या. इतकं नीट काम मी कोणत्या गिऱ्हाइकाचं केलं नसेल. ती अडणी तिच्या चुलीशी राहिली. रोज पेजेचं भांडं तिच्यावर. तेलाच्या हातांनी आणि धुरानं ती काळीभोर, गुळगुळीत झाली. मी कधी जेवायला बसलो की समोर तीच असायची, आणि काकी मला वाढायची.

मागच्या वर्षी काकी गेली. झोपेत, शांतपणे. मिनूला कळवलं, पण ती मडगावहून पोचली तेव्हा सगळी तयारी झाली होती. तोंड तेवढं बघितलं तिनं. या वेळी आग्नेल आत आला, कोणी अडवलं नाही. कार्य आटपल्यावर निघायच्या दिवशी मिनू मांगरात गेली. काकी बसायची त्याच सीटवर बसली. मी दाराशी होतो. तिनं समोर बघतच विचारलं, ‘दादा, आवशीन माका शेवटपर्यंत माफ करूक नाय मां? आग्नेलामुळे मां?’

आयुष्यात असा सरळ प्रश्न मला कोणी विचारला नाही. उत्तर तिच्या बुडाखाली होतं.

मी म्हणालो, ‘तसा काय नाय गो. तिका घर सोडवला नाय.’

‘घर नाय,’ मिनू म्हणाली. ‘बाबांचो शब्द.’ आणि मान हलवली, एकदा, कायमची समजूत पटल्यासारखी. मी तिची ती समजूत तशीच राहू दिली. तिला नको असलेली मुलगी म्हणून मी मडगावला परत पाठवलं. आणि ती नको असलेली नव्हती. त्या तुळशीचा फोटो काकीनं मला दोनदा दाखवला होता. हे माहीत असलेला मी एकटा उरलो आहे असं नाही, माझ्या आईलाही माहीत आहे. पण का जाणं राहिलं, ते एकट्या मला ठाऊक.

गाडी भंगारात गेली. ती तोडायला मीच नेऊन दिली, दुसऱ्या कोणी उचलून बघू नये म्हणून. मिनूनं घरातलं फारसं काही नेलं नाही. काकीचं एक लुगडं, तो घावण्याचा तवा आणि चुलीशेजारची अडणी.

परवा तिचा मेसेज आला. फोटो होता. मडगावचं तिचं जेवणाचं टेबल, त्यावर पेजेचं भांडं, भांड्याखाली ती काळी अडणी. खाली विचारलं होतं, ‘आवशीची अडणी. खंयसून आणल्यान रे तिना ही? बाजारात अशी खंय गावणा नाय.’

मी तेव्हा खरोखरच एका गाडीखाली होतो. बाहेर आलो, हात पुसले, आणि तिला अंगठा पाठवला.